ठरल्यापेक्षा जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक

फोंड्याला आमच्या शेजारच्या वहिनींनी सासऱ्यांची पेटी विकायला काढली. सासरे भजनाला साथ करायचे. ते गेल्यावर पेटी माडीवर पडून होती. भात्याला कसर लागण्यापेक्षा कुणीतरी वाजवेल, असं घरात ठरलं. मुलानं फोटो काढून जाहिरात टाकली, किंमत १४,००० रुपये. अर्ध्या तासात गिऱ्हाईक हजर. भाव पाडून मागितला नाही. सूर पालिताण्याचे की दुसरे, सप्तकं तीन की साडेतीन, काहीच विचारलं नाही. पेटी घेणारा माणूस सुरांबद्दल एक अक्षर विचारत नाही, तिथंच खरं तर पाणी मुरत होतं. पण विकणाऱ्याला तेवढ्यात बरंच वाटतं, कटकट मिटली म्हणून.

तो हिंदीत, फार अदबीनं बोलायचा. बांबोळीच्या कँपात आहे, बदली झालीय, सामान पॅकर्सच्या गाडीतून जाणार, पैसे ऑफिसचा अकाउंटंट तुमच्या खात्यात चेकनं टाकेल. वहिनींनी खाते क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी पे-इन स्लिपच्या काउंटरफॉइलचा फोटो आला, शिक्क्यासकट. रक्कम ४१,५००. पाठोपाठ फोन: भाभीजी, अकाउंटंटनं घोळ केला, गाडीवाल्याचं भाडंही तुमच्याच चेकात लिहिलं. तुमचे १४,००० ठेवा, वर १,५०० तुमच्या तसदीचे ठेवा, उरलेले २६,००० गाडीवाल्याला या नंबरवर पाठवा. तो मडगावला खोळंबून बसलाय.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या हे खरं की खोटं विचारायला नव्हे. २६,००० एका वेळी जातील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बँकेच्या ॲपवर ४१,५०० जमा दिसत होते. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या टेबलावर. म्हटलं, वहिनी, पैसे दिसले, पण वटले का? संध्याकाळी चेक परत आला. कारण: खातं बंद.

हा सगळा लेख त्या दोन शब्दांमधल्या फटीविषयी आहे, दिसणं आणि वटणं.

आधी युक्ती समजून घ्या

चेक म्हणजे पैसे नव्हेत, पैसे देण्याची चिठ्ठी आहे. तुमच्या बँकेत तो भरला की चिठ्ठी देणाऱ्याच्या बँकेकडे विचारणा जाते: सही बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का, खातं चालू आहे का. तिथून होकार आला की चेक वटला. दरम्यान काही बँकांच्या पासबुकात किंवा ॲपवर ती रक्कम जमेच्या बाजूला दिसते, पण ती काढता येत नाही. एकूण शिल्लक वाढते, अवेलेबल बॅलन्स तसाच राहतो. भामट्याला तेवढा वेळ पुरतो. खोटा चेक परत जायच्या आत तुम्ही तुमचे खरे पैसे त्याला पाठवायचे. चेक फिरला की जमा नोंद पुसली जाते. तुमचे पैसे गेलेले असतात आणि गाडीवाला खरंच येऊन गेला असेल तर पेटीही गेलेली असते.

ही युक्ती मूळची अमेरिकेत फोफावलेली. तिथं १९८७ च्या कायद्यानं बँकांवर बंधन आहे की भरलेल्या चेकचे पैसे ग्राहकाला लवकर काढू द्यायचे. चेक खोटा असल्याचं मात्र कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी कळतं, कारण भामटे चेकवर मुद्दाम विसंगत बँक क्रमांक छापतात आणि तो कागद इकडून तिकडे फिरत राहतो. तोवर ग्राहकानं ‘जास्तीचे’ पैसे परत केलेले असतात आणि बँक संपूर्ण रक्कम त्याच्याच खात्यातून वळती करते. तुमचा मुलगा किंवा भाची तिकडे असेल आणि घर बदलताना सोफा विकत असेल, तर हे आजच कळवा. तिथं ‘कॅशिअर्स चेक’ म्हणजे बँकेनं स्वतः काढलेला चेक, म्हणून लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि नकली छापायला भामट्यांना तोच सोयीचा पडतो. तिथल्या बँकेत विचारताना ‘पैसे काढता येतील का’ असं विचारून उपयोग नाही. काढता येतातच. ‘चेक देणाऱ्या बँकेनं पैसे चुकते केले का’ असं विचारायचं. इंग्लंडात गेलेल्या आपल्या गोंयकारांना हा त्रास कमी, कारण तिथं चेकची प्रतिमा पाठवायची पद्धत आली आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी रात्रीपर्यंत निकाल लागतो.

आपल्याकडे तर आता आणखी वेगानं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं चेकचे गठ्ठे करून पाठवणं बंद केलं. दिवसा ठरलेल्या वेळेत भरलेले चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातात आणि देणाऱ्याच्या बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवावं लागतं. म्हणजे खऱ्या चेकसाठी बहुतेक वेळा एक दिवस थांबलं की पुरतं. जो माणूस तेवढंही थांबू देत नाही, त्याला चेक फिरणार हे आधीच ठाऊक आहे.

जाहिरात टाकण्याआधी

विक्रीसाठी वेगळं खातं ठेवता आलं तर उत्तम. त्यात थोडेच पैसे ठेवा आणि पेन्शनचं किंवा पगाराचं खातं कुणाला देऊ नका. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड एवढ्यावर कुणी पैसे काढू शकत नाही, त्याची भीती नको. पण कॅन्सल्ड चेकचा सही असलेला फोटो कधीच पाठवू नका. तुमच्या सहीचा नमुना बाहेर गेला की तो परत येत नाही. आधार कार्ड, पॅन कार्ड मागितलं तर सरळ ‘नाही’. जुना फ्रीज विकायला आधार लागत नाही.

जाहिरातीतच लिहून टाका: ‘वस्तू फोंड्याला येऊन पाहावी. पैसे वस्तू नेताना, समोर. चेक घेतला जाणार नाही.’ अर्धे भामटे एवढ्यानंच गळतात, कारण त्यांनाही वेळ फुकट घालवायचा नसतो.

गिऱ्हाइकाशी बोलताना

इथं जरा सावकाश वाचा. चेक हातात येण्याच्या कितीतरी आधी माणूस कळतो.

खरं गिऱ्हाईक कटकट करतं. स्कूटरचा नंबर जीए-०५ आहे की जीए-०८ विचारतं, आरसीवर नाव कुणाचं, विमा कधी संपतो, किक बसते का, कितीला सोडाल. सागवानी कपाट असेल तर वाळवी आहे का, जिन्यातून उतरेल का. भामट्याला यातलं काही नको असतं. तो तुमच्या किमतीला मान हलवतो आणि थेट पैशांच्या रस्त्यावर येतो. ‘वस्तू पसंत, जाहिरात काढून टाका’ असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणणाऱ्याला एकच सांगा: पाहायला या. येऊ शकत नसाल तर गोव्यातलं कुणी पाठवा. खऱ्या माणसाचा कुणी ना कुणी साडू, मेहुणा, मित्र असतोच. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला कुणी येणार असतं, मडगावला कुणाची ड्यूटी असते.

लष्कराचं सोंग आपल्याकडे फार चालतं. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, बांबोळीला कँप आहे, त्यामुळे गोव्यात ते पटकन खपतं. ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला डीपी असतो. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही चोरता येतो. खऱ्या जवानाला तुमची खुर्ची विकत घेण्यासाठी ओळखपत्र दाखवायची गरजच पडत नाही. न मागता दाखवलेलं ओळखपत्र हाच मला फसवणुकीचा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो.

किनारपट्टीला आणखी एक प्रकार भेटतो: परदेशातला जुन्या वस्तूंचा शौकीन. पोर्तुगीज काळातली खुर्ची, पितळी समई किंवा देव्हारा हवा असतो आणि डॉलरचा चेक कुरिअरनं येतो. असा परदेशी चेक आपली बँक वसुलीला पाठवते आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. आधी रक्कम जमा केलीच तर चेक फिरल्यावर ती परत घ्यायचा हक्क बँक राखून ठेवते. शिवाय शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तू खासगी माणसानं देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा ‘ही दीडशे वर्षांची मूर्ती मी लिस्बनला नेतो’ म्हणणारा एकतर तुम्हाला फसवतोय किंवा कायद्याला. दोन्हीकडे तुमचं नाव नको.

जास्त रक्कम आली की सगळं थांबवा

ठरले १४,००० आणि आले ४१,५००, मग कारण काहीही असो. गाडीवाल्याचं भाडं, अकाउंटंटची चूक, ‘शून्य जास्त पडलं’, ‘दुसऱ्या पार्टीचे पैसे तुमच्याकडे आले’, ‘आईला आझिलो हॉस्पिटलात ॲडमिट केलंय, लगेच परत करा’. कारण ऐकायचंच नाही. रक्कम ठरल्यापेक्षा जास्त, म्हणजे व्यवहार जागच्या जागी थांबला. तुम्ही म्हणायचं एवढंच: ‘हा चेक मी भरत नाही. ठरलेल्या रकमेचा नवा द्या.’ चेक त्यानं स्वतः भरला असेल तर: ‘वटला की बँकेमार्फत बघू.’ खरा माणूस खजील होऊन नवा चेक देतो. भामटा चिडतो, धमकी देतो, पोलिसात जातो म्हणतो. जाऊ दे.

तसदीचे १,५०० का दिले होते, हेही ध्यानात घ्या. ते लाच होते. थोडं आपल्या पदरात पडतंय म्हटल्यावर माणूस उरलेले पाठवायला संकोच करत नाही.

कागद तपासणं

चेक हातात आलाच तर उजेडात धरा. सीटीएस, म्हणजे प्रतिमेवरून वटवायच्या, चेकच्या कागदात ‘सीटीएस-इंडिया’ असं पाणचिन्ह दिसतं. खालच्या पट्टीत एमआयसीआर कोडचे नऊ अंक असतात: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. वर छापलेल्या आयएफएससीत अकरा अक्षरं-अंक असतात आणि पाचवं स्थान शून्याचं. आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेली रक्कम जुळते का बघा. खाडाखोड असेल तर सोडूनच द्या. तारखेच्या बाबतीतली सवलत वगळता सीटीएसमध्ये दुरुस्ती केलेला चेक चालत नाही. तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तरी तो बाद.

पण यावर फार विसंबू नका. वहिनींच्या प्रकरणातला चेक खरा असावा, खातं बंद पडलेलं होतं. कागद अस्सल आणि पैसे शून्य, हे मी टेबलावर शेकडो वेळा पाहिलंय.

डिमांड ड्राफ्टला लोक रोख रकमेइतकं मानतात. बँकेनं पैसे आधी घेतलेले असतात, म्हणून खरा ड्राफ्ट पैशांअभावी फिरत नाही. खोटा अर्थातच फिरतो, आणि गाड्यांच्या विक्रीत खोटे ड्राफ्ट सर्रास चालवतात. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट काढणाऱ्याचं नाव त्याच्या दर्शनी बाजूला छापलेलं असतं. ते तुमच्या गिऱ्हाइकाचंच आहे का पाहा. मग ज्या बँकेचा ड्राफ्ट, तिच्या जवळच्या शाखेत तो घेऊन जा. फोन करायचा असेल तर नंबर बँकेच्या संकेतस्थळावरून घ्या, ड्राफ्टवर छापलेला नको. शनिवारी दुपारी ड्राफ्ट घेऊन गाडी न्यायला येणाऱ्याला सोमवारी यायला सांगा.

वटला की नाही, हे कुणाला विचारायचं

गिऱ्हाइकाला नाही आणि एसएमएसलाही नाही. बँकेचा खरा एसएमएस अक्षरी नावानं येतो आणि आता त्याच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एस, टी असं एक अक्षर असतं. दहा आकडी मोबाइल नंबरावरून ‘युवर अकाउंट क्रेडिटेड’ आलं तर ते गिऱ्हाइकानं स्वतः टाइप केलेलं आहे. स्वतःचं ॲप स्वतः उघडा आणि अवेलेबल बॅलन्स बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे शाखेत जा आणि काउंटरवर याच शब्दांत विचारा: ‘हा चेक क्लिअर झाला का? आता परत जाण्याची शक्यता उरली आहे का?’ काउंटरवरची मुलगी वैतागेल. वैतागू दे.

काउंटरफॉइलवरच्या शिक्क्याला काडीची किंमत नाही. ड्रॉप बॉक्सजवळचा शिक्का कुणीही मारू शकतं.

यूपीआयचं रूप

चेक कमी झाले, युक्ती तीच राहिली. ५,००० च्या जागी ५०,००० पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो आणि ‘४५,००० परत करा’ म्हणून रडारड सुरू होते. खात्यात काहीच आलेलं नसतं. किंवा ‘पैसे घ्यायला’ म्हणून क्यूआर कोड येतो. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन विचारला की पैसे तुमच्याकडून जाणार. व्यक्तीनं व्यक्तीकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे ती एक वाट बुजली. क्यूआरची उघडी आहे.

आता अवघड भाग. समजा पैसे खरोखरच आले, अवेलेबलमध्ये दिसतात, आणि जास्त आहेत. परत करायचे ना? हो, पण तो सांगेल त्या नंबरावर नाही. ते पैसे कुठल्या तरी दुसऱ्याच फसवलेल्या माणसाचे असू शकतात. तुम्ही ते तिसऱ्या खात्यात पाठवलेत की साखळीतली एक कडी झालात. तो मूळ माणूस तक्रार करतो, पोलीस पैशांचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात, आणि तुमचं खातं गोठतं, पेन्शनसकट. म्हणून त्याला सांगा, ‘तुमच्या बँकेत चुकीच्या जमेची तक्रार करा.’ तुम्ही तुमच्या शाखेत लेखी द्या की अमुक तारखेला अमुक रक्कम अनोळखी खात्यातून जास्त आली, ती बँकेनं मूळ खात्यात परत करावी, माझी हरकत नाही. पोच घ्या. तोवर त्या पैशांना हात लावू नका. शेजारच्या दुकानदारानं चुकून २०० जास्त पाठवले तर एवढं काही नको, ते तिथल्या तिथं परत द्या.

वस्तू हातातून सोडताना

समोर बसून यूपीआय, तुमच्या ॲपवर खात्री, मग किल्ली. एवढा क्रम पाळा. रोख घेत असाल तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्यावर रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. गाडी असेल तर पैसे वटल्याशिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून देऊ नका. कोऱ्या सह्या करून ठेवायची आपल्याकडची सवय तर मोडाच.

पैसे गेलेच असतील तर

लाजू नका आणि रात्र जाऊ देऊ नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या क्रमांकावर, फोन लावा. हाती व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमची बँक ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत ते अडवता येतात, आणि म्हणून पहिल्या तासाचं मोल फार. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. मग तुमच्या बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर रायबंदरचं सायबर पोलीस ठाणं किंवा तुमचं जवळचं ठाणं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा, आणि ऑनलाइन तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी.

एक कटू गोष्ट आधीच सांगतो. पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले असतात, त्यामुळे बँक ते भरून द्यायला सहसा तयार होत नाही. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक १४४४८. मात्र तुम्ही कळवल्यानंतरही पैसे जात राहिले तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून फोन कितीला केला ती वेळ लिहून ठेवा.

चॅट पुसू नका, कितीही राग आला तरी. नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, चेकची बँकेनं दिलेली रिटर्न मेमो जपा, काउंटरफॉइलचा फोटो जपा. वहिनींनी रागाच्या भरात पहिलं काय केलं असेल तर सगळं डिलीट. नशीब, त्यांच्या मुलाच्या फोनवर एक प्रत होती. तीच आम्ही तक्रारीला जोडली.